उजवा मागचा

हाज बूअज्जा त्या वर्षी तिसऱ्यांदा बर्राकला घेऊन आले, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून सार्डिन भरलेला पाव खात होते. ट्रक थांबला, मागची फळी पडली आणि जमिनीला चारी पाय टेकायच्या आत बर्राकने डीनसाहेबांनी हौसेने लावलेल्या जास्वंदीचा शेंडा खाऊन टाकला. मला तो घोडा तिथल्या तिथे आवडला.

"डॉक्टरीणबाई, पाव नंतर खा," हाज म्हणाले. "माझा घोडा लंगडतोय."

रबातच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मी खेळाच्या घोड्यांची डॉक्टर आहे, आणि प्राध्यापकही. म्हणजे सकाळी घोडे बघायचे, बघता बघता पोरांना शिकवायचं, आणि दुपारी शोधनिबंध का लिहून झाले नाहीत याची कारणं लिहायची. हाजचा घोडा आधी माझे वरिष्ठ बघायचे. ते निवृत्त होऊन तांजियरला मासे धरायला गेले, आणि जाताना त्यांचे रुग्ण, तीन पायांची खुर्ची आणि सोनोग्राफीचं यंत्र माझ्याकडे सोडून गेले. यंत्राचा पासवर्ड त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव होतं, हे कळायला मला चार महिने लागले.

हाज बूअज्जा म्हणजे सत्तातकडच्या एका बंदूकधारी घोडेस्वार पथकाचे मुकद्दम, म्हणजे म्होरके. पंधरा स्वार एका ओळीत भरधाव सुटतात, मुकद्दम हाळी देतो, सगळे रिकिबीत उभे राहतात आणि पंधरा बंदुकांचा बार एकाच क्षणी उडतो. एकच आवाज आला पाहिजे. दोन आले तर पंच मान हलवतात आणि गावात आठवडाभर तोंड दाखवायची सोय राहत नाही. हाज अठरा वर्षं मधल्या जागेवर होते. वय सहासष्ट, मिशी पांढरी, आवाज असा की आमच्या आवारातली मांजरं झाडावर चढायची.

आम्ही बर्राकला काँक्रीटच्या पट्टीवर पळवलं. दुडकी अगदी साफ. एकेक पाय दुमडून मिनिटभर धरला, सोडला, लगेच पळवलं. साफ. गोलात फिरवला, दोन्ही बाजूंनी. साफ. शेवटच्या वर्षाची आठ पोरं वह्या घेऊन उभी होती, त्यातली चार फोन बघायला लागली.

"लंगडत नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे मी आंधळा?"

"बसून दाखवा."

हाज खोगिरावर बसले, आणि बर्राक लंगडला. डावा मागचा पाय चोरत होता, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसेल असा. हाजनी वरून माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी लग्नाच्या चौदा वर्षांत फक्त सासूच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

मग दोन दिवस आम्ही शास्त्र केलं. माझी सहायक डॉक्टर शामा हिने खुरापासून सुरुवात करून एकेक जागा सुईने बधिर केली. जिथे दुखतंय ती जागा बधिर झाली की लंगडणं थांबतं, असा नियम. थांबलं नाही. एक्स-रे काढले, ते कॅलेंडरवर छापावेत इतके सुंदर आले. शामा म्हणाली, "मॅडम, आता शेपूट तेवढी उरली."

तिसऱ्या दिवशी हाज दुपारच्या नमाजाला गेले होते. आमचा मोतद्दार बा मआती, तीस वर्षं या तबेल्यात काढलेला माणूस, घोड्याचे पाय मोकळे व्हावेत म्हणून त्याच्यावर बसून आवारात फिरवत होता. मी खिडकीत उभी होते. घोडा हाजच्याच खोगिराखाली होता, आणि चाल एकदम स्वच्छ.

मी धावत खाली गेले. बा मआतीला उतरवलं, शामाला चढवलं. साफ. एका पोराला चढवलं. साफ. मग मी स्वतः चढले. नऊ वर्षांनी बसत होते आणि त्या नऊ वर्षांत मी पाव बरेच खाल्ले होते, तरी साफ. हाज नमाज आटोपून पिवळ्या चपला घासत आवारातून येत होते. मी घोड्यावरून त्यांच्याकडे बघितलं, आणि मग दुसरं काही दिसेचना. सगळी जिंदगी लंगडणं बघण्यात गेली की डोळा बिघडतो, लग्नात नवरदेव कसा चालतो तेच आधी दिसतं. हाज उजवा पाय टाकताना कमरेत झुकत होते, आणि पायघोळ जेलाबा ते झाकत होता. उजवा खुबा गेलेला. खोगिरावर बसल्यावर तो वाचवायला सगळा भार डावीकडे टाकत होते. अठरा किलोचं खोगीर, खाली नमद्याचे सात थर, आखूड रिकिबी, आणि वर डावीकडे कललेला ऐंशी किलोचा मुकद्दम.

मी आधी डीनसाहेबांकडे गेले. बेनशक्रून नाव. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे, आणि ते त्या खुर्चीचंच लक्षण असावं.

"इतिमाद, तू घोड्यांची डॉक्टर आहेस," ते म्हणाले. "माणसांच्या कमरेत शिरू नकोस."

"पण दोष तिथेच आहे."

"हाजचा भाचा मंत्रालयात आहे. आपल्या नव्या छपराची फाइल त्याच्या टेबलावर आहे. घोड्याला काहीतरी झालंय असं लिही."

"काय लिहू?"

"काहीही. लॅटिनमध्ये लिही."

मी लॅटिनमध्ये लिहिलं नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. तीन दिवस त्या माणसाने माझा जो उद्धार केला होता त्याची परतफेड करायची संधी आली होती, आणि मी ती सोडणारी बाई नाही. मी आठही पोरांना बोलावलं, शामाला बोलावलं, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हाज, घोड्यात काही नाही. तुमचा उजवा खुबा गेलाय."

"मी घोड्याला दाखवायला आणलं होतं."

"घोड्याने तुम्हाला दाखवायला आणलं, असं समजा."

पोरं हसली. हाजच्या मिशा थरथरल्या. "सिद्ध करा," ते म्हणाले.

"पट्टीवर पळून दाखवा."

नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण आठ पोरं बघत होती, आणि हाज बूअज्जा लोक बघत असताना कधी नाही म्हणालेले नव्हते. त्यांनी जेलाबा एका हाताने वर धरला. बा मआती सवयीने पुढे झाला आणि घोड्याचा दोर धरावा तशी त्यांची बाही धरून बाजूने धावू लागला. तीस मीटर जाणं, तीस मीटर येणं. चपला फटफट वाजत होत्या. पट्टीच्या शेवटाला वळताना ते भिंतीला टेकले.

पुढच्या रांगेतला रिदा नावाचा पोरगा, हुशार आणि अर्थातच मूर्ख, वहीत बघत, घोड्याच्या लंगडण्याला गुण देतात तसं पुटपुटला, "उजवा मागचा. पाचपैकी तीन."

सगळा वर्ग फुटला. मीही हसले.

"काय म्हणाला तो?" हाजनी विचारलं. धाप लागली होती.

"उजवा, म्हणाला," मी म्हटलं.

"मागचा म्हणाला. ऐकलंय मी. मला काय चार पाय आहेत?"

त्यांनी स्वतःच घोडा ट्रकमध्ये चढवला. जाताना मला उद्देशून जे बोलले त्यातलं 'गाढवांची डॉक्टर' एवढंच सांगण्यासारखं आहे.

तासभर मला फार बरं वाटलं. मग बा मआती खोलीत आला. तो सहसा बसत नाही. त्या दिवशी त्या तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळत बसला.

"डॉक्टर, तो खिसारीचा करडा घोडा आठवतो? पट्टीवर यायला घाबरायचा तो?"

"आठवतो."

"तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

"पोरांना बाहेर पाठवलं होतं."

"हां," बा मआती म्हणाला. खुर्ची भिंतीला नीट टेकवून निघून गेला.

रोग बरोबर ओळखला होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण रोग ओळखायला ते धावणं लागलंच नव्हतं. मला घोड्यावरूनच दिसलं होतं. धावायला लावलं ते माझ्या मजेसाठी.

चार दिवसांनी डीनसाहेबांचं पत्र आलं. पाहुण्यांशी अशोभनीय वर्तन, चौकशी समिती, माझ्या बढतीचं प्रकरण तूर्त स्थगित. पत्राची भाषा इतकी सुरेख होती की ती त्यांची नसणार. छपराच्या फाइलबद्दल अर्थातच काही नव्हतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. एक बाई भांडायला आली आहे, सोडू का? मी म्हटलं, सोड, आता रांगच आहे. पन्नास-पंचावन्नची एक ठेंगणी बाई टोपली घेऊन आत आली आणि टेबलावर मसेमन पराठ्यांच्या गरम चवडी काढून ठेवू लागली. हाजची बायको, हाज्जा मबार्का.

"भांडायला आलेय असं सांगावं लागलं," ती म्हणाली. "नुसतं भेटायचंय म्हटलं तर सोडत नव्हते. खा."

मी खाल्लं.

"अडीच वर्षं पाय दुखतोय, आणि वर्ष झालं, त्याच्या पायात मोजे मी घालते. शेजारणींना वाटतं काय हे प्रेम. मशिदीत खुर्चीवर बसतो आणि इमामाला सांगतो, उसण भरलीय. घोड्यावर कसा चढतो ठाऊक आहे? तबेल्यामागे रांजण पालथा घातलाय माझा, चांगला तेलाचा. त्याच्यावरून चढतो, कुणी बघत नाही असं बघून."

"मग दवाखान्यात का नेत नाही?"

"मी सांगितलं तर बायकोची कटकट. पोरांनी सांगितलं तर त्यांचा जमिनीवर डोळा. माणसांच्या डॉक्टरने सांगितलं तर त्याला कापायचे पैसे मिळतात. तुला त्याच्याकडून काय मिळणार? शिव्याच ना. म्हणून तुझं खरं वाटेल त्याला. उद्या जेवायला ये. कुसकुस आहे."

शुक्रवारी मी बा मआतीला गाडीत घातलं आणि गेले. एकटीने जायची हिंमत नव्हती, हे कबूल करते. हाजनी दार उघडलं, बा मआतीच्या गालांचे मुके घेतले आणि माझ्याकडे बघून "या" म्हणाले, आलेल्या टपालाला म्हणावं तसं. परातीभोवती बसलो. सगळे जमिनीवरच्या गाद्यांवर, हाज एका उंच चौरंगावर.

मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "हाज, त्या दिवशी पोरांना मी बाहेर पाठवायला हवं होतं. तुम्हाला तसं पळवायला नको होतं. माझं चुकलं."

त्यांनी परातीच्या मधला मांसाचा मोठा तुकडा बोटांनी तोडला आणि माझ्या बाजूला सरकवला. "खा. रोड झालात."

मी रोड झाले नव्हते. पण आमच्याकडे माफी अशीच मिळते.

चहा झाल्यावर आम्ही तबेल्यात गेलो. बर्राक खोगिराविना उभा होता. हाज दाराला टेकले.

"निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय," ते म्हणाले. "मी बसलो नाही तर मध्ये कोण? लकबीर. पुतण्या माझा. घोड्यावर बरा बसतो, पण हाळी दिली की वाटतं शेळी व्याली. त्या आवाजावर चौदा माणसं बंदूक उडवतील?"

"सरावाने उडवतील."

"असं करू. स्पर्धा होऊन जाऊ दे. मग खुबा काय, तुम्ही म्हणाल तर डोकं पण बदलून घेतो. आणि तुमच्या त्या डीनला मी फोन करतो. माझी काही तक्रार नाही म्हणून."

मी हो म्हणायच्या अगदी बेतात होते. तीन आठवड्यांत घोडा मरणार नव्हता. बढती मिळाली असती. छप्परही झालं असतं. मग बर्राकने मान वळवून माझ्या खिशात तोंड घातलं, तिथे साखर नव्हती, आणि मला माझीच लाज वाटली.

"हाज, हात द्या," मी म्हटलं.

त्यांचा हात धरून मी घोड्याच्या पाठीवर ठेवला, उजव्या बाजूला, जिथे खोगिराची मागची कड येते तिथे. "दाबा." त्यांनी दाबलं. बर्राक गवत चघळत राहिला. मग हात पाठीच्या डावीकडे नेला. "आता इथे. तेवढंच."

त्यांनी दाबलं आणि बर्राकची पाठ त्यांच्या हाताखालून खाली गेली. कान मागे पडले. चघळणं थांबलं.

हाजनी पुन्हा उजवीकडे दाबलं. काही नाही. पुन्हा डावीकडे, या वेळी फार हलकं. पाठ पुन्हा दबली. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं नाही. नुसता तळवा तिथे ठेवून उभे राहिले. वयाच्या पाचव्या वर्षापासून घोड्यांत वाढलेला माणूस होता तो. माझ्या एक्स-रेपेक्षा त्यांची बोटं जास्त शिकलेली होती, फक्त अडीच वर्षं त्यांनी ती तिथे नेली नव्हती.

"लाकूड झालंय," ते म्हणाले.

"बरं होईल. दोन-तीन महिने पाठीवर कुणी नको. रोज हाताने चालवायचं, चढावर."

"मग हा एवढे दिवस बोलला का नाही?"

"बोलला की. तीनदा दवाखान्यात आला."

हाजनी खुंटीवरचा नमदा काढला आणि उन्हात नेऊन भिंतीवर टाकला. परत आले, दुसरा नेला. असे सातही. बा मआती मदतीला उठला, त्याला त्यांनी हातानेच बसवलं. प्रत्येक खेपेला ते लंगडत होते, सरळ, उघड्यावर, आणि हाज्जा मबार्का स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

निवड स्पर्धेला मी गेले. लकबीर मध्ये होता, दुसऱ्या घोड्यावर. त्याच्या आवाजाबद्दल हाजनी अतिशयोक्ती केली नव्हती. ओळ सुंदर सुटली, सुंदर थांबली, चौदा बंदुकांचा एकच बार झाला, आणि मग, कुणाला तरी काहीतरी विसरल्याचं आठवावं तशी, पंधरावी उडाली. पथक पाचवं आलं. रबातच्या मोठ्या स्पर्धेला पहिली दोनच जाणार होती. हाज प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी लकबीरला शिव्या दिल्या, पंधराव्याला दिल्या, पंचांना दिल्या, आणि मी दिसल्यावर मला दिल्या. मी त्या घेतल्या. एवढं तर मी त्यांचं देणं लागतच होते.

डीनसाहेब म्हणाले, "बघ. हरले. आता छप्पर गेलं." हाजनी फोन वगैरे काही केला नव्हता. समितीने मला लेखी समज दिली आणि मी खाली सही केली. त्यांनी जे लिहिलं होतं ते खरंच होतं, फक्त कारण चुकीचं होतं. बढती वर्षभर पुढे गेली.

सप्टेंबरात कासाब्लांकात हाजचा खुबा बदलला. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"इथले डॉक्टर पळवत नाहीत. झोपवूनच तपासतात. तुमच्याकडे ही सोय का नाही?"

"तुम्ही झोपला असतात का?"

"नसतो." मग ते म्हणाले, "रिदा कसा आहे तो?"

"पास झाला. पश्चात्ताप होतो म्हणतो."

"गुण बरोबर दिले होते त्याने. सांगा त्याला. तीनच म्हणाले इथले पण. वेगळ्या शब्दांत."

त्या हिवाळ्यापासून मी आमच्याकडची एक पद्धत बदलली. घोडा फक्त स्वाराखाली लंगडत असेल तर स्वारालाही बघायचं, पण दार लावून, पोरं बाहेर, आणि चालवून, पळवून नाही. वर्षभरात असे अकरा निघाले. एकाची कंबर, एकीचा गुडघा, एका जनरलसाहेबांच्या एका बुटाची टाच झिजलेली. त्यावर मी निबंध लिहिला. डीनसाहेबांनी त्यात दुसरं नाव आपलं घातलं आणि तो निबंध माझ्या बढतीच्या फाइलला स्वतःच्या हाताने टाचला. मी ते नाव तसंच राहू दिलं. तेवढा व्यवहार मलाही कळतो.

हाजच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, धावपळ करायची नाही. हाजनी विचारलं, बसून करायचं काम चालेल का? डॉक्टर म्हणाले, बसून काहीही करा. ऑपरेशननंतरच्या एप्रिलमध्ये ते बर्राकवर बसले. त्याच संध्याकाळी मला फोन.

"डॉक्टरीणबाई, मी सरळ बसतोय. लकबीरने मागून बघितलंय, हाज्जाने बघितलंय. आणि आता हा हरामखोर उजवीकडे सरकत जातो. ओळीत शेजाऱ्याच्या अंगावर जातो. आता कोण लंगडतंय?"

"कुणी नाही. अडीच वर्षं त्याने तुमचा डावीकडचा भार पेलला. तो अजून पेलतोच आहे. भार गेलाय हे त्याला कळलेलं नाही."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज.

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे नुसती चाल. दुडकी नको, बंदूक नको."

त्यांनी चार घेतले.